खिशातली वही आणि शंभर जीएसएमचा वाद

अव्यानं आणलेली नवी वही कट्ट्यावर हातोहात फिरली. ए-६ आकार, काळं रेक्झिनचं कव्हर आणि वेष्टनावर ठळक अक्षरात '१०० जीएसएम'.

"शंभर आहे! शाई मागे जायची बिशाद नाही," अव्या म्हणाला.

नानांनी खिशातलं शाईचं पेन काढून एक ओळ लिहिली. "मागे नाही गेली. पण हा 'ळ' बघ, दोन्ही पोटं भरली."

खरंच, रेघेच्या कडांना केसासारख्या बारीक शिरा फुटल्या होत्या. आपल्या लिपीत हे फार नडतं. छोट्या वहीत ध, भ, क्ष यांच्या गाठी आधीच चिमुकल्या, त्यात शाई पसरली की वाचायचं काय?

"जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस्स," नाना सांगू लागले. "शाईला थोपवते ती खळ. लगद्यात किंवा कागदावर वरून ती दिली, की तंतू शाई ओढत नाहीत. जपानी तोमोए रिव्हर कागद घे, ५२ जीएसएमचा. पतंगाच्या कागदासारखा पातळ, तरी शाई सहसा आरपार जात नाही."

"पण मागचं दिसतं ना!" मंदार.

"दिसू दे की. पान दोन्ही बाजूंनी वापरता येतं. डाग उतरला तर मागची बाजू वाया."

इथपर्यंत मी नानांच्या बाजूनं होतो. मग रेवती बोलली. "नाना, तुम्ही टेबलाशी बसून लिहिता. मी बस स्टॉपवर लिहिते आणि बस आली की वही मिटते. तुमच्या त्या गुळगुळीत कागदावर शाई वाळतच नाही, सगळा ठसा समोरच्या पानावर!"

याला नानांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागला. खळ जितकी पक्की, तितकी शाई वर राहते आणि उशिरा वाळते. खिशातल्या वहीला किंचित पिणारा कागद हवा आणि सोबत बारीक निब. दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर आपल्याच पेनानं एक ओळ लिहावी, दहा आकडे मोजून बोट फिरवावं, मग पान उलटून बघावं. तळहात टेकलेल्या जागीही लिहून पाहावं, कारण घामाचा नि तेलाचा हात लागलेल्या कागदावर शाई तुटक उमटते.

कव्हरवर मात्र एकमत झालं नाही. मंदारला मऊ हवं, पँटच्या खिशात वाकतं म्हणून. अव्या म्हणे, उभ्यानं लिहायला पाठीला कडक पुठ्ठा पाहिजेच. मी अव्याशी सहमत. हाताखाली पान दबलं की निबेचा जोर बदलतो आणि रेघ कुठे जाड, कुठे बारीक येते. बांधणी दोऱ्याच्या शिलाईची असावी. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही सपाट उघडत नाही आणि शिवणीजवळ निब तिरकी पडते.

"आणि पाऊस?" रेवतीनं विचारलं. साधी निळी शाई एका सरीत धुऊन जाते. अव्याच्या मते रेक्झिन पुरेसं आहे. नाना म्हणाले, "कव्हर वरून वाचवेल, कडांनी पाणी शिरेलच. पाण्याला टिकणारी काळी शाई भर." त्यावर मंदारनं लगेच विचारलं, असली शाई पेनात वाळून बसली तर धुणार कोण? नाना पेन उघडून फीड, म्हणजे निबेखालचा शाई पुरवणारा भाग, कसा धुवायचा ते दाखवायला लागले.