ओसाकातलं 'अहो'

ओसाकाच्या स्टेशनात नवरा भलत्याच फलाटाकडे निघाला, तेव्हा मी जिन्यावरूनच ओरडले, "अहो! अहो, इकडे!" चार-पाच माना वळल्या. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. जपानी शेजारीण बरोबर होती. गाडीत बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "एवढं काय केलं त्यांनी?"

'आहो' म्हणजे मूर्ख. ओसाका-क्योटोच्या बाजूला, कान्साईत, हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, आणि बरेचदा लाडानंच. तोक्योकडच्या माणसाला मात्र तो झोंबतो. मी तिला समजावलं, की बाई, आमच्यात हा आदर आहे. तिला हसू आवरेना. म्हणाली, "आम्ही नवऱ्याला 'दान्ना' म्हणतो."

हा 'दान्ना' म्हणजे आपलं 'दान'. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोचलेलं. मठाला दान देणारा तो दान्ना, मग नोकरांचा धनी, मग दुकानाचा मालक आणि शेवटी घरचा धनी, म्हणजे नवरा. आपल्या 'यजमान'चा प्रवास आठवून बघा. यज्ञ करवणारा, ब्राह्मणांना दक्षिणा देणारा तो यजमान, आणि आता "आमचे यजमान बाहेर गेलेत." म्हणजे जो शब्द मला माझा वाटला त्याचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि जो परका वाटला तो माहेरचा निघाला.

हे सांगायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच झाला. पण तेव्हापासून 'जगातल्या सगळ्या भाषा आपल्याच' या छापाच्या याद्या दुप्पट वेगानं यायला लागल्या. हा छंद जुनाच, जगातलं सगळंच मुळात आपलं म्हणणाऱ्या पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची 'वाटिका' केली त्याला कित्येक वर्षं झाली. मध्यंतरी आलेली यादी जपानीची होती. 'नाय' म्हणजे नाही, 'यामा' म्हणजे पर्वत, म्हणून यमराजाची दक्षिण दिशा, म्हणून अमुक. मी दोन ओळींत हरकत घेतली. काकांचं उत्तर आलं: "परदेशात राहून आपल्या भाषेचा अभिमान गेला तुझा."

अभिमान जायला हरकत नाही, पण उमाळा मलाही आला होता. पहिल्या वर्षी जपानी अजिबात कळत नसताना गाडीत कुणी 'आरे' म्हटलं की मान वळायची. 'आरे' म्हणजे 'ते, तिकडचं'. मी एक वही केली होती. 'आसा' म्हणजे सकाळ, 'कासा' म्हणजे छत्री, 'नाका' म्हणजे आत, 'नाना' म्हणजे सात. 'उमा' म्हणजे घोडा. माझ्या मैत्रिणीनं जपानी वर्गात स्वतःची ओळख करून दिली तेव्हा "मी घोडा आहे" असं ऐकू गेलं. एकटेपणात असे शब्द ओळखीच्या चेहऱ्यांसारखे वाटतात. म्हणून घरच्या यादीवाल्यांना मी मूर्ख म्हणत नाही. (ओसाकाच्या अर्थानं म्हणेन फार तर.)

पण चेहरा ओळखीचा वाटला म्हणून नातं जोडायचं नसतं. जपानीची मूळ अक्षरं ४६. दोन-दोनच्या जोड्या लावल्या तरी दोन हजारांच्या आसपास जातात, आणि सगळं जग त्यात बसवायचं. तिथे मराठीशी टक्कर झाली नसती तरच नवल.

'नाय'चंच बघू, कारण यादीत तो सगळ्यात दमदार होता. रूपही तेच, अर्थही तोच. खरे नातेवाईक असतील तर मागे जाऊ तसे जवळ यायला हवेत. मराठीत मागे गेलं की ज्ञानेश्वरीत 'नाहीं' भेटतं. जपानीत मागे गेलं की 'नाशी' आणि 'नाकी' भेटतात. त्या 'नाकी'तला क गळून आजचा 'नाय' झाला. मागे जावं तसे दोघे लांब जातात. आज एका फलाटावर उभे आहेत इतकंच, आले वेगळ्या गाड्यांनी. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला 'डॉग'सारखाच शब्द आहे. इंग्रजांकडून घेतला असेल, असंच कुणालाही वाटेल. पण आसपासच्या भाषांत तोच शब्द 'गुडागा' आहे, आणि शब्दांचं तोंड उडवणं ही म्बाबरमची रीतच.

आणि यमराज? तो जपानात खरंच गेला. पण पर्वत होऊन नाही. त्याचं नाव तिथे 'एन्मा'. नरकाचा न्यायाधीश, हुबेहूब आपलाच, फक्त नाव चिनी तोंडातून गेल्यामुळे ओळखू येत नाही. यादी करणाऱ्यानं यामा घेतला आणि एन्मा सोडला.

मला राग याचा येतो, की याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी 'शुद्ध मराठी लिहा'चा फतवा निघतो. 'तारीख' नको, 'दिनांक' लिहा. 'कमी' फारसी आहे, 'न्यून' म्हणा. काल ज्यांनी कानाच्या भरवशावर अख्खा जपान दत्तक घेतला, ते आज त्याच कानाच्या भरवशावर घरातली माणसं बाहेर काढतात. वास्तविक 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' एकमेकांचे कुणीच नव्हेत. उलट आपलं 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' एकाच मूळ शब्दाची लेकरं. हे कानाला पटेल का कुणाच्या?

जपानी लोक यातून सुटलेत असं नाही. सुसुमु ओनो नावाचे मोठे भाषापंडित १९८० च्या सुमारापासून जपानीचं मूळ तमिळमध्ये आहे असं हिरिरीनं मांडत राहिले. लोकांनी पुस्तकं घेतली, भाषाशास्त्रज्ञांनी मान हलवली, आडवी. गंमत म्हणजे भारताचा खरा ठसा रोज डोळ्यांसमोर आहे. जपानी पोरं 'आ का सा ता ना हा मा या रा वा' अशी बाराखडी घोकतात, तो क्रम संस्कृत वर्णमालेवरून बौद्ध भिक्षूंनी बसवला. संस्कृत लिहायची जुनी सिद्धम् लिपी शिकता शिकता.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. एन्मापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे शेवटी यम आपलाच ना?" मी म्हटलं, हो. तेवढं त्यांनी त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं.

शेजारीण आता तिच्या दान्नाला 'आहो' म्हणून हाक मारते. मराठीतलं आहे, आदराचं आहे, असं त्याला सांगून ठेवलंय म्हणते. त्याला पटलंय का, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.