ट्रेलरच्या भिंतीचं रबर सुटलं, घोडीला लागलं: आपल्या तक्रारीवर आमचं उत्तर

राम राम दादा,

तुमची तक्रार काल रात्री वाचली. आधी घोडीचं विचारतो. चार दिवसांपूर्वी स्क्रूनं तिच्या पुठ्ठ्यावर चीर पडली असं तुम्ही लिहिलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? घोड्याच्या जातीला धनुर्वात फार लवकर धरतो, आणि त्याचे जंतू लिदीत, मातीत असतातच. वरून खपली धरलेली बारीक जखमसुद्धा सोडून चालत नाही. दिलं नसेल तर हे वाचून झाल्या झाल्या गावच्या डॉक्टरला बोलवा, नाहीतर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आणा. औषधपाण्याचा सगळा खर्च माझ्याकडं, पावती असो वा नसो.

इतर लोक वाचतील म्हणून तुमचं म्हणणं आधी मांडतो. होळीच्या आधी आम्ही तुमच्या दोन घोड्यांच्या ट्रेलरला आतून रबर लावून दिलं. मे महिन्यात ते मधे फुगलं, पावसाळ्यात खालून सुटलं, आणि जिंतूरच्या रस्त्यावर स्क्रूचं टोक वर येऊन घोडीला लागलं. फोन केला तर कुणी उचलला नाही. "यापेक्षा उघडा पत्रा बरा होता, नुसते पैसे घेणारे लोक आहेत," असं तुम्ही लिहिलं आणि एक तारा दिला.

फोनचं खरं आहे. त्या दिवशी मी जालन्याला लोखंड आणायला गेलो होतो. संध्याकाळी तुमचे दोन फोन दिसले आणि उलटा फोन मी केला नाही. चूक माझी.

आता रबराचं. तुमचे पाचही फोटो मी आणि आमच्या फिटरनं मोठे करून पाहिले. काम आमच्याच हातचं आहे आणि ते चुकलंय. कुठं चुकलं ते नीट सांगतो, कारण असं काम करून घेणारे अजून बरेच आहेत.

तुम्ही ट्रेलर आणला तेव्हा म्हणाला होता, "बाहेरचा रंग नवा आहे, भोकं पाडू नका, चिकटवून भागवा." मी हो म्हणालो. वरून आधाराला आतल्या पत्र्यात सेल्फ स्क्रू (पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे) मारले. तुम्ही सांगितलं म्हणून केलं, असं म्हणून मी अंग काढून घेणार नाही. घोडी तुमची, पण काम माझं. बोल्टशिवाय हे टिकत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं, आणि त्या दिवशी काम नाकारून गाडी परत पाठवायला हवी होती.

रबराचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. बारा मिलिमीटर जाडीचा, साडेसहा बाय चार फुटांचा एक तुकडा ३५ ते ४० किलो भरतो. तुमच्या दोन्ही भिंतींना मिळून असे चार तुकडे आहेत, म्हणजे दीडेकशे किलो वजन उभ्या पत्र्यावर लटकलंय. वर रस्त्यातले खड्डे, आणि आत साडेतीनशे-चारशे किलोची घोडी प्रत्येक वळणाला अंग टेकवणार. आतला पत्रा सव्वा मिलिमीटरचा. त्यात सेल्फ स्क्रूचा जेमतेम एखादा आटा धरतो. महिनाभर हादरे बसले की भोक मोठं होतं आणि स्क्रू हळूहळू माघारी फिरतो. घोडीला लागलेला स्क्रू असाच वर आला.

दुसरी चूक मोठी आहे. तुकडे आम्ही एकमेकांना घट्ट भिडवून लावले, दिसायला छान दिसावं म्हणून. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ वर जातो. उन्हात उभ्या ट्रेलरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. रबर तापलं की लोखंडाच्या दहापटीहून जास्त पसरतं. सहा-साडेसहा फुटांचा तुकडा ३५ अंशांच्या फरकाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, पत्रा तेवढ्यात एक मिलिमीटरही वाढत नाही. कडेला जागाच ठेवली नाही तर रबर जाणार कुठं? मधे फुगलं. फुगताना चिकटवलेला थर ओढला गेला, आणि तो थरही उष्णतेनं मऊ झालेला होता.

तिसरी गोष्ट पाण्याची. रबर आम्ही थेट तळाच्या फळीला टेकवलं होतं. ट्रेलर धुतला की पाणी आणि मूत दोन्ही मागं शिरलं, आणि खालून निघायला वाट नव्हती. घोड्याचं मूत लोखंड खातं. फोटोत खालच्या रांगेला जे तांबडे ओघळ दिसतात ते त्याचे.

रबरसुद्धा मी चुकीचं निवडलं. टायरचा भुसा दाबून केलेलं मॅट गोठ्यात जमिनीवर छान चालतं. भिंतीला टांगलं की भोकापाशी फाटतं, कारण आत धागा नसतो. भिंतीला कापडाचे पदर असलेला कन्व्हेयर बेल्ट, म्हणजे कारखान्यात माल वाहून नेणारा रबरी पट्टा हवा. आपल्याकडं साखर कारखान्यांच्या जुन्या मालात तो मिळतो, ताणला तरी भोक फाकत नाही. घेताना कडेला कापून पाहा. आत लोखंडी तारा असतील तर तो बेल्ट घोड्याजवळ आणू नका, घासल्यावर तारा वर येतात.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि ती घोडीसाठीच बोलतो. उघडा पत्रा बरा नाही. घोडी बुजली आणि दुगाणी झाडली की पत्र्याचा आवाज होतो, त्या आवाजानं ती आणखी बुजते आणि आणखी झाडते. पातळ पत्र्यातून नालेसकट पाय पलीकडं गेला तर खुराच्या वरची कातडी सोलून निघते. तसा एक घोडा मी माझ्या शेडमध्ये उतरवून घेतलाय. पत्रा कापून पाय काढावा लागला. तेव्हापासून मी रबराचं काम सुरू केलं. १९७८ च्या प्राणी वाहतुकीच्या नियमांतही बाजूंना गादी असलेली गाडी वापरावी असं आहे. राग आमच्यावर काढा, पण रबर कायमचं काढून टाकू नका.

आता नवीन काम असं करू. जुनं सगळं उतरवायचं, गंज घासायचा, प्रायमरचे दोन हात द्यायचे आणि ते पुरतं वाळू द्यायचं. त्यावर वॉटरप्रूफ प्लाय. मग बेल्टचे तुकडे, दोन तुकड्यांत आणि कडेला बोटभर जागा सोडून. वरच्या कडेला स्टीलची पट्टी आडवी आणि तिच्यातून आठ मिलिमीटरचे गोल टोपीचे बोल्ट, दर नऊ इंचांवर, आरपार. टोपी आतल्या बाजूला, नायलॉक नट (हादऱ्यानं सैल न होणारा) आणि मोठा वॉशर बाहेर. रबरातलं भोक बोल्टपेक्षा मोठं, म्हणजे ते सरकेल. वजन वरच्या रांगेवर लटकेल, खालची पट्टी नुसतं आवरून धरेल. घोडीचा पुठ्ठा जिथं टेकतो त्या उंचीला एकही बोल्ट येणार नाही. त्यासाठी तिची उंची मोजून घेईन. खाली फळीपासून इंचभर मोकळं, वरची फट सीलंटनं बंद. बाहेर नट दिसतील आणि रंगाला भोकं पडतील. हे आधीच सांगतो. भोकांच्या कडा रंगवून देऊ.

याचे पैसे नाहीत. जुन्या कामाचे पैसेही परत करतो.

तोपर्यंत घोडी त्या ट्रेलरमध्ये घालू नका, एका गावापुरतीसुद्धा. सैल स्क्रू पुन्हा आवळू नका, आवळल्यानं भोक आणखी मोठं होतं. ट्रेलर आणायची सोय नसेल तर आमचा माणूस गाडी घेऊन येईल.

तुमच्या ट्रेलरसारखंच मी आणखी तीन ट्रेलरना रबर लावलं होतं. आज सकाळी तिघांनाही फोन केले. वसमतचा ट्रेलर उद्या येतोय, सेलूचा आठवड्यानं. तिसरे मालक मार्गशीर्षात नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेला घोडे घेऊन जातात. दिवाळीच्या आत त्यांचं काम उरकून देतो असं कबूल केलंय. पण पहिला नंबर तुमचा. शनिवारी सकाळी शेड मोकळी ठेवतोय. मोजमापाला घोडी लागेल, म्हणून जखम सुकली असेल तरच तिला आणा, तेही दुसऱ्या गाडीतून. नाहीतर फिटरला टेप देऊन तुमच्या गोठ्यावर पाठवतो.