सोलरपेक्षा कोळसा स्वच्छ म्हणे!

"सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मात देत नाही, त्यापेक्षा कोळशाची वीज स्वच्छ" असा मेसेज फिरतोय. मी सोडून दिलं असतं, पण आमच्या आत्याने तो वाचून छतावरच्या ३ किलोवॅट सोलरचं काम थांबवलं. आत्या राहते कुठे, तर चंद्रपूरला! २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उशाशी घेऊन.

पहिला मुद्दा घ्या. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) २०१४ च्या अहवालात पॅनल बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचं सगळं धरून हिशोब आहे, एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड कोळशाचा ८२० ग्रॅम आणि छतावरच्या सोलरचा ४१ (हे मधले आकडे, जागेप्रमाणे कमीजास्त होतात). आता पॅनल बहुतेक चीनमध्ये कोळशाच्याच विजेवर बनतात हे खरंय, पण मग ते खाल्लेली वीज परत देतच नसते तर त्यांचा आकडा ८२० च्या वर जायला हवा होता ना, ४१ कसा आला? एवढा साधा विचार न करता लोक फॉरवर्ड दाबतात.

"पॅनलची एफिशियन्सी फक्त २० टक्के, कोळशाची ३५." बरं मग? ऊन फुकट आहे, कोळसा रोज विकत आणून जाळावा लागतो.

"पावसाळ्यात सोलर बंद." बंद नाही, कमी. रात्री मात्र शून्य, आणि संध्याकाळी सगळ्यांचे एसी-टीव्ही चालू झाले की आज तरी कोळसाच लागतो, हे मान्य करावंच लागेल.

आता सगळ्यात भारी मुद्दा: "पॅनलचा विषारी कचरा कुठे टाकणार? राख निदान सिमेंटमध्ये जाते." जाते की, पण सगळी नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा, वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती शेतात आणि नदीत गेली. आत्याच्या छताचाच हिशोब मांडू. ३ किलोवॅट म्हणजे दिवसाला साधारण १२ युनिट, तेवढ्याला कोळसा लागतो ८ किलोच्या आसपास, आपल्या कोळशात राख तिसरा हिस्सा तरी असतेच, म्हणजे रोज अडीच किलो. पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची असते, तेवढ्या काळात ही राख होते २० टनांच्या वर. आणि तिचे सहा पॅनल भंगारात निघाले तर पावणेदोनशे किलोसुद्धा भरणार नाहीत, त्यात बहुतेक काच आणि ॲल्युमिनियम.