स्ट्रट कापून गाडी लो करा म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. गाडी लो करायला, म्हणजे तिची उंची कमी करायला, महागडा सेट कशाला? पुढचा स्ट्रट, म्हणजे चाक बॉडीला जोडणारा नळीसारखा शॉकअप, उतरवा, ग्राइंडरने नळीचा दीड इंचाचा तुकडा उडवा, टोकं जुळवून वेल्ड मारा. 'शेवटी पाइपच तो. चांगला वेल्ड पाइपपेक्षा मजबूत असतो, तेल काढलं की धोका नाही, आणि जुने रेसवाले हेच करायचे.' यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच पोरं फसतात. मला याची मनापासून काळजी वाटते.

'शेवटी पाइपच तो.' स्विफ्टसारख्या गाडीत मागचा शॉकअप गेला तर गाडी डुलत का होईना घरी येते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, तिथे चाकाला वरून धरणारा दांडा (आर्म) नसतोच. चाक उभं धरायचं काम स्ट्रटचं: खाली तो ब्रॅकेटमधून बोल्टांनी नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडलेला, वर बॉडीला. ब्रेक मारला, वळण घेतलं की नळीला वाकवणारा जोर येतो आणि खाली ब्रॅकेटकडे जाताना तो वाढत जातो. आता गाडी खाली यायची तर स्प्रिंगची वाटी (नळीवरची, स्प्रिंग जिच्यावर टेकते ती) खाली यायला हवी, म्हणजे काप वाटी आणि ब्रॅकेटच्या मधेच घ्यावा लागतो. नेमका तिथेच! वाटीच्या वर कापलं तर उंची तसूभरही बदलत नाही.

'वेल्ड पाइपपेक्षा मजबूत.' एकदाच ताणून तोडायचं असेल तर बऱ्याचदा खरं. पण इथे प्रत्येक खड्डा, प्रत्येक स्पीडब्रेकर तोच जोड पुन्हा पुन्हा वाकवतो. अशा वेळी तडा बहुधा वेल्डच्या कडेला, जिथे तो मूळ धातूला मिळतो तिथे सुरू होतो, नाहीतर आतल्या बाजूने, जी तुम्हाला दिसतच नाही. शिवाय वेल्ड थंड होताना आखडतो आणि नळीला ओढतो. अर्धा अंश कल म्हणजे 30 सेंटीमीटरवर अडीच मिलिमीटरहून जास्त फरक. एका बाजूचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) गेला, गाडी ओढायला लागली.

'तेल काढलं की धोका नाही.' हे सगळ्यात घातक. आजचे बहुतेक स्ट्रट सीलबंद असतात आणि गॅसवाल्या स्ट्रटमध्ये तेलावर दाबाखाली नायट्रोजन असतो. भोक पाडून तेल सांडलं, तरी आतल्या नळीत आणि व्हॉल्व्हपाशी थर राहतोच. आर्कच्या (वेल्डिंगच्या ठिणगीच्या) उष्णतेने त्याची वाफ होते, ती पेटू शकते, नळी फुटू शकते. तेल धुवायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरला आणि त्याचा अंश राहिला, तर आर्कजवळ फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि एवढं करून बाहेरची नळी आखूड झाली, आतला सिलिंडर मात्र मूळ लांबीचाच. बसवणार कसा?

राहिले रेसवाले. डॅटसन 240झेडसारख्या जुन्या गाड्यांत वरचा नट सोडला की आतलं काडतूस (पिस्टनसकट आतला सुटा भाग) अख्खं बाहेर येतं. रिकामी नळी कापायची आणि आखूड काडतूस घालायचं, म्हणजे लो केलेल्या गाडीतही पिस्टनला खाली जायला चाल उरते. जाणकार ते काम जिगमध्ये (नळी सरळ धरणाऱ्या साच्यात) धरून, कसबी वेल्डरकडूनच करून घेतात. सीलबंद स्ट्रटला ते लागूच होत नाही.

कायद्याचंही थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदलांना मनाई करतं. कलम 182ए खाली मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

ज्यांनी हे आधीच केलंय त्यांनी आज गाडी काढू नका. वेल्डच्या कडेला रंगात बारीक रेघ किंवा गंजाची ओळ दिसते का बघा. दिसली नाही म्हणजे जोड ठीक आहे असं समजू नका. पुढचे दोन्ही स्ट्रट मूळ मापाचे नवे टाका, मग व्हील अलाइनमेंट करून घ्या.