माझा मोबाइल ‘स्टील’ झाला

सोलापुरात, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, ऐन अक्षता सोहळ्यात माझा मोबाइल गेला. सम्मती कट्ट्यापाशी ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं, अक्षता टाकायला माझे दोन्ही हात वर गेले आणि कुणाचा तरी तिसरा हात माझ्या खिशात. विमा होता, पण फॉर्म इंग्रजीत. नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या मी लिहिलं, ‘माय मोबाइल वॉज रॉब्ड.’

‘‘चूक!’’ मागून आवाज आला.

सफारीतले, सत्तरीचे काका. हातात रेशनकार्ड. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायचीच काय ती बाकी ठेवली होती.

‘‘मोबाइल रॉब होत नसतोय बे. रॉब माणूस होतोय, न्हाईतर बँक. वस्तू स्टील होती.’’

‘‘स्टीलचा होता काय ओ?’’ मशिनीवरच्या पोरानं मला विचारलं.

काकांना चेव आला. काउंटरवरचं स्टेपलर उचलून म्हणाले, ‘‘हे मी गुपचूप पिशवीत टाकलं, तर स्टेपलर स्टील. आता ह्याची मानगूट धरून घेतलं,’’ आणि खरोखरच धरली, ‘‘तर हे पोरगं रॉब झालं. स्टेपलर न्हाई. कळालं का बे?’’

‘‘कळालं, सोडा की ओ!’’ पोरगं म्हणालं.

‘‘आणि रात्री शटर उचकटलं तर?’’ रांगेतल्या एका बाईंना शंका.

‘‘तर दुकान बर्गल झालं!’’

बाईंनी समाधानानं मान डोलावली. मोबाइल कुठला होता, केवढ्याचा होता, हप्ते किती राहिलेत (चार), हे एकानंही विचारलं नाही.

आपल्याकडेही चोरी, जबरी चोरी, घरफोडी, दरोडा असं सगळं आहे. दरोड्याला तर कायद्यानं किमान 5 जण लागतात. चौघंच आले तर त्यांना जबरी चोरीवर समाधान मानावं लागतं. पण ज्याचं गेलं त्याला क्रियापद एकच पुरतं: गेलं. पाकीट गेलं, चप्पल गेली, लाइट गेली. माणूससुद्धा जातोच.

तेवढ्यात काकांनी माझ्या हातातला पोलीस ठाण्याचा कागद ओढला. तिथं मी तीनदा ‘चोरीला गेला’ म्हणालो होतो. ‘‘गर्दीत पडला असेल हो,’’ म्हणत समोरच्यांनी त्यांना सोयीचं तेच लिहून दिलं होतं. पाडायला मी काय लहान पोर आहे? पण शिक्का बसला होता. आणि विमा चोरीचा, पडण्याचा नव्हे.

काकांनी चष्मा वर केला.

‘‘इथं तर ‘गहाळ’ लिहिलंय. म्हणजे लॉस्ट!’’ मग माझ्याकडे असं बघितलं, की मीच त्यांचा खिसा कापला. ‘‘आधी सांगायचं की बे. उगं मला एवढं बोलाय लावलास.’’

पोरगं मान चोळत म्हणालं, ‘‘दोन रुपये सुट्टे द्या ओ.’’