ओझरला मिग लावून ठेवा म्हणणाऱ्यांसाठी

ग्रुपवर परत तेच फिरतंय. अमेरिका हजारो जुनी लढाऊ विमानं वाळवंटात सडत ठेवते, युद्ध लागलं की चावी मारून उडवते, मग आपणपण हवाई दलातनं काढलेली मिग-21 लढाऊ विमानं नाशिकजवळ ओझरला का नाही लावून ठेवली, जागा तर पडूनच आहे! आता सडतात का उडतात, एक काहीतरी ठरवा.

सडत वगैरे नाही हो. ॲरिझोनात टूसॉनला डेव्हिस-मॉन्थन तळ आहे, तिथं विमान आलं की आधी धुतात, मग शस्त्रं आणि इजेक्शन सीटची काडतुसं काढतात, इंधन उपसून त्या पाइपांतनं पातळ तेल फिरवतात म्हणजे आतनं गंज नको, फटी टेपनं बंद, आणि वरनं रबरासारखा लेप, आधी काळा मग पांढरा. पांढरा का, तर कॉकपिट उन्हात भाजून निघू नये. खालून मात्र हवा खेळायला जागा सोडतात.

ओझरची जागा म्हणाल तर जागेचा प्रश्नच नाहीये, हवेचा आहे. टूसॉनला वर्षाला जेमतेम 300 मिमी पाऊस, हवा कोरडी, जमीन इतकी कडक की विमानं काँक्रीट न घालता उभी राहतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, ज्या ओलाव्यानं निफाडच्या द्राक्षबागेत डाऊनी ही बुरशी येते तोच ओलावा रिव्हेटच्या फटीत बसून ॲल्युमिनियम खातो. शेड बांधून आतली हवा कोरडी ठेवता येईल, पण ते बिल कोण भरणार?

चावीचं तर सोडूनच द्या. 'घोस्ट रायडर' नावाचं बी-52 बॉम्बर 2008 पासून तिथं होतं, 2015 मध्ये ते उडवलं तेव्हा आधी कित्येक महिने दुरुस्ती चालली होती आणि उडाल्यावरही थेट ड्युटीवर नाही गेलं, पूर्ण उघडून दुरुस्ती (ओव्हरहॉल) होऊन मायनॉट या नेहमीच्या बॉम्बर तळावर पोचायला 2016 चा सप्टेंबर उजाडला. तिथली बरीचशी विमानं परत उडतच नाहीत, सुटे भाग काढायला असतात.

आणि मिग-21. एचएएल या सरकारी विमान कंपनीनं ओझरलाच बनवली, त्यामुळं 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप दिला तेव्हा नाशिककरांना वाईट वाटणारच. पण ती काढली ती सांगाड्याचं आयुष्य संपत आलं म्हणून, लेप मारून ते वाढत नाही. जपायचेच तर सुटे भाग जपा, पण ते कामाला यायला तेच विमान आपल्याकडे उडत पाहिजे. जॅग्वार अजून उडतंय, म्हणूनच तर फ्रान्सकडनं त्याचे जुने सांगाडे आणले. मिग-21 आता उडतच नाही, मग भाग काढून बसवणार कशाला?