बेन, तुमची अटक काय?

नवरा बघताना मुली पगार बघतात, फ्लॅट बघतात, हल्ली सासू किती किलोमीटरवर राहते तेही बघतात, पण उद्या हाच माणूस देशाचा नेता झाला तर आपलं आडनाव काय होणार, हे कोणी बघत नाही. चुकतंय तुमचं. आम्ही बडोदेकर यातले जुने जाणकार, म्हणून सल्ला देतेय, फुकट आहे, घ्या.

आधी फॉर्म भरायला शिका. इथे आडनावाच्या रकान्यात 'अटक' छापलेलं असतं, घाबरू नका, गुजरातीत आडनावाला अटकच म्हणतात. माझी धाकटी जाऊ पुण्याहून नवीन आली तेव्हा क्लार्कने विचारलं, "बेन, लग्न पछी अटक बदली?" तर ती म्हणे, "नाही हो, आमच्या घरात कुणालाच अटक झालेली नाही." (सासऱ्यांनी हे अख्ख्या दांडिया बाजारात सांगितलं.)

आणि आडनावाचं काय घेऊन बसलात, तांदळाच्या ताटात अंगठी फिरली की पहिलं नावसुद्धा गेलं. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई, त्या इथे येऊन चिमणाबाई झाल्या. त्या गेल्या, मग 1885 मध्ये देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई आल्या, त्याही चिमणाबाई! बोर्ड बदलायची कटकट नको. याच दुसऱ्या चिमणाबाई 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, तरी आम्ही अजून त्यांना दुसऱ्याच म्हणतो.

नवरा शिकलेला बघा, फायदा होतो. लालबहादूरांनी जातीचं आडनाव टाकलेलं, 1925 मध्ये काशी विद्यापीठाची 'शास्त्री' पदवी मिळाली, तीच आडनाव झाली, आणि 1928 मध्ये लग्न होऊन ललिताबाई एकही पेपर न देता शास्त्री. इंजिनिअर करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, सौ. मेकॅनिकल काही बरं दिसत नाही.

माहेरचंच लावणार म्हणता? हिलरीबाई लग्नानंतरही रॉडहॅमच राहिल्या, 1980 मध्ये नवरा गव्हर्नरची निवडणूक हरला आणि लोकांना लगेच बायकोचं आडनाव दिसलं, 1982 मध्ये तो पुन्हा उभा राहिला तेव्हा बाई क्लिंटन होऊन आल्या, नवरा जिंकला. मग स्वतःच नेता व्हावं, तर मर्केलबाईंनी पहिल्या नवऱ्याच्या आडनावावर 16 वर्षं जर्मनी चालवली, दुसरा आपला शांतपणे केमिस्ट्री करत होता. आपल्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या, त्यांचे मिस्टर शेखावत. आता राष्ट्रपतींचे पती असं मोठ्याने म्हणून बघा, पुढचं मी बोलत नाही.

आता स्टेटस. 2014 मध्ये आमच्याच बडोद्यातून लोकसभेचा फॉर्म भरताना मोदींनी पत्नीच्या रकान्यात जशोदाबेन असं लिहिलं, आधीच्या निवडणुकांत तो रकाना कोरा असायचा. आम्ही 5,70,128 मतांनी निवडून दिलं, त्यांनी वाराणसी ठेवली आणि बडोदा सोडलं. रकाना तेवढा भरलेला राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जशोदाबेननी माहितीच्या अधिकारात मेहसाणा पोलिसांना विचारलं की पंतप्रधानांची पत्नी म्हणून मला प्रोटोकॉलप्रमाणे काय मिळतं, कारण त्या जायच्या बस-रिक्षाने आणि संरक्षणाचे पोलीस मागून सरकारी गाडीत. उत्तर आलं, ही माहिती देता येत नाही. तेव्हा विचारत बसू नका, बसचे सुट्टे पैसे जवळ ठेवा.

आणि लग्नपत्रिका जपा! परवा मी केवायसीला गेले, पासबुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पोरगा म्हणाला, जुळत नाही. मी 1991 ची पत्रिका काढून दिली, हळदीच्या डागासकट. त्याने ती उलटसुलट केली, डागाचा वास घेतला आणि म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या." माझे मिस्टर काही देशाचे नेते नाहीत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, पण बिल्डिंगमध्ये माझं नाव कुणालाच माहीत नाही, सगळे सेक्रेटरीबेन म्हणतात आणि टाकीत पाणी चढलं नाही की पहाटे साडेपाचला बेल वाजवून मलाच उठवतात.